एच-फोर व्हिसावर कम्युनिटी कॉलेज : फॅमिली अँड कन्झ्युमर सायन्सेसची पदवी, अर्जापासून शेवटपर्यंत

२०२५च्या मे महिन्यात माझं कम्युनिटी कॉलेज संपलं. विषय फॅमिली अँड कन्झ्युमर सायन्सेस, पदवी दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची, असोसिएट ऑफ आर्ट्स. ठिकाण कॅलिफोर्नियातला बे एरिया. तेव्हापासून इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी ना कुणी गाठून विचारतंच, ‘व्हिसावर असताना जमतं का गं? आणि खर्च किती येतो?’ दर वेळी तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते. आकडे आणि नियम मला लागू झाले तेव्हाचे आहेत. तुमच्या कॉलेजच्या ऑफिसात विचारून खात्री करून घ्या.

मी मूळची नाशिकची. बी.कॉम. झाल्यावर काही वर्षं एका पतसंस्थेत हिशेब सांभाळले. सप्टेंबर २०२१ मध्ये आम्ही इथे आलो. नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, मी आणि मुलगी त्याच्यामुळे मिळणाऱ्या एच-फोर या कुटुंबीयांच्या व्हिसावर. या व्हिसावर शिकायला आडकाठी नाही. एक विषय घ्या नाहीतर पूर्णवेळ शिका, वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही. पगाराचं काम मात्र चालत नाही. जोडीदाराच्या ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा आय-१४० हा अर्ज मंजूर झाला, की मग वर्क परमिटसाठी अर्ज करता येतो. आमचं ते कधी होईल याचा पत्ता नव्हता आणि मला घरात बसवत नव्हतं.

कॅलिफोर्नियात ११६ सरकारी कम्युनिटी कॉलेजं आहेत. प्रवेश परीक्षा नाही, कट-ऑफ नाही. वय अठरा पूर्ण असलं की अर्ज करा. कॅप राउंड आणि मेरिट लिस्टमध्ये वाढलेल्या माणसाला हे खरंच वाटत नाही, मलाही वाटलं नव्हतं. मी कॅटलॉगमध्ये अकाउंटिंग शोधत होते. पुढची पानं चाळताना हा विषय दिसला : पोषण, वस्त्रशास्त्र, बालविकास, कुटुंबशास्त्र, घरखर्चाचं व्यवस्थापन, सगळं एकाच विभागात. हिशेब मला येतच होते. हे वाचून पहिल्यांदा काहीतरी शिकावंसं वाटलं.

फोनवर मावशीला सांगितलं. ती जुन्या जमान्यातली एसएनडीटीची होम सायन्सवाली. ती हसलीच. ‘अगं, आम्हाला लोक विचारायचे, पोळ्या लाटायला डिग्री कशाला लागते? आणि आम्ही तिकडे केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये तासन्‌तास उभ्या!’ पुढे पहिल्याच सेमिस्टरला कळलं की या विषयाची सुरुवात खरोखरच रसायनशास्त्रातून झाली. एलन स्वॉलो रिचर्ड्स ही एमआयटीतून पदवी घेणारी पहिली बाई, साल १८७३. तिने मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या पाण्याचे नमुने तपासले, खाण्याच्या पदार्थांतली भेसळ तपासली. तिच्या पुढाकाराने १८९९ पासून परिषदा भरल्या, पहिली न्यूयॉर्क राज्यातल्या लेक प्लॅसिड इथे, त्यांतून १९०९ मध्ये अमेरिकन होम इकॉनॉमिक्स असोसिएशन उभी राहिली. तिच्या नावात १९९४ मध्ये ‘होम इकॉनॉमिक्स’च्या जागी ‘फॅमिली अँड कन्झ्युमर सायन्सेस’ आलं आणि मग कॉलेजांतल्या विभागांच्या पाट्याही हळूहळू बदलल्या. मावशीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, ‘मग? मी काय सांगत होते!’

आता मुख्य गाठ, रेसिडेन्सी. सगळा खर्च या एका शब्दावर लटकलेला असतो, म्हणून सविस्तर सांगते. अभ्यासक्रम इथे युनिटांत मोजतात आणि राज्याच्या रहिवाशाला एका युनिटला ४६ डॉलर पडतात. रहिवासी नसाल तर त्यावर आणखी तीनशेच्या वर, आणि तेही दर युनिटला. बहुतेक विषय तीन युनिटांचे. म्हणजे तोच वर्ग, तीच प्राध्यापक, तेच बाक; एकीला १३८ डॉलर आणि शेजारच्या बाकावरचीला हजाराच्या वर. रहिवासी ठरायला सेमिस्टर सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस पूर्ण झालेला हवा. नुसतं राहून भागत नाही, इथेच राहायचा इरादा आहे हे कागदांवर दिसावं लागतं. एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्यांना ही सवलत मिळत नाही. एच-वन आणि एच-फोरवाल्यांना मिळू शकते.

आमचं वर्ष सप्टेंबरात भरत होतं आणि २०२२चं फॉल सेमिस्टर ऑगस्टअखेर सुरू होत होतं. थोडक्यात हुकलं. जानेवारी २०२३ पर्यंत थांबायचं ठरवलं. ते चार महिने अंगावर आले, पण पहिल्याच सेमिस्टरला सहा युनिटांवर अठराशेहून जास्त डॉलर वाचले. थांबायच्या काळात कागद गोळा केले : घराच्या भाडेकरारावर माझंही नाव, कॅलिफोर्नियाचं ड्रायव्हिंग लायसन्स, बँकेचं संयुक्त खातं, दोघांनी मिळून भरलेलं राज्याचं टॅक्स रिटर्न. नुकत्याच आलेल्या बायकांना मी एकच सांगते : भाडेकरारावर पहिल्या दिवसापासून आपलं नाव घालून घ्या. बहुतेक घरांत करारावर फक्त नवऱ्याचं नाव असतं आणि वर्षभरानंतर बायकोकडे आपण इथे राहतो हे दाखवायला कागदच नसतो.

अर्ज सीसीसी-अप्लाय या वेबसाइटवर, फुकट. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुलगी झोपल्यावर बसून भरला. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तरी अर्ज अडत नाही, तसा पर्याय निवडता येतो. मराठी बायकांची खरी अडचण नावाची. पासपोर्टवर माझ्या नावापुढे नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, मार्कशीटवर माझं नाव, वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. इथल्या संगणकाच्या लेखी या दोन वेगळ्या बायका. अर्जात पूर्वीच्या नावाची जागा असते, तिथे मार्कशीटवरचं नाव जसंच्या तसं लिहा आणि महापालिकेचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र स्कॅन करून ठेवा. मला ते पुढेही पुन्हा पुन्हा लागलं.

अर्जानंतर कॉलेजचा ईमेल यायला वेळ लागला, कारण ओळख पटवायची होती. आर्थिक साहाय्याचे पैसे लाटायला बनावट अर्ज भरपूर येतात, त्यामुळे कॉलेजं सावध असतात. पासपोर्ट दाखवल्यावर ते मिटलं. मग माझी नोंद ‘नॉन-रेसिडेंट’ अशी आली. खिडकीवरच्या मुलाने व्हिसा पाहिला आणि म्हणाला, व्हिसावाल्यांना रहिवासी धरत नाहीत. तो माझ्या व्हिसाची गल्लत विद्यार्थी व्हिसाशी करत होता. मी कॉलेजच्याच वेबसाइटवरची व्हिसांची यादी छापून नेली होती, ती पुढे सरकवली. त्याने आतून एका बाईंना बोलावलं. त्यांचं कामच रेसिडेन्सी तपासायचं. त्यांनी प्रश्नावली दिली, कागदांच्या प्रती घेतल्या आणि नाताळच्या सुट्टीआधी नोंद बदलली. वाद घालू नका, आवाज चढवू नका. रेसिडेन्सी बघणाऱ्या व्यक्तीला भेटायचंय एवढंच म्हणा.

केंद्र सरकारची आर्थिक मदत व्हिसावाल्यांना मिळत नाही, त्यात वेळ घालवू नका. पुस्तकांवर मात्र वाचवता येतं. वेळापत्रकात काही वर्गांपुढे ‘झीरो टेक्स्टबुक कॉस्ट’ अशी खूण असते, म्हणजे पुस्तक विकत घ्यावं लागत नाही. मी जमेल तिथे तेच वर्ग निवडले.

पदवीला ६० युनिट लागतात. त्यातले काही मुख्य विषयाचे, बाकी इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र असे सर्वसाधारण. माझ्या बी.कॉम.चे काही धरता येतील का, हे कॉलेजच्या काउन्सिलरला, म्हणजे विषय ठरवायला सल्ला देणाऱ्यांना, विचारलं. त्यासाठी भारतातल्या मार्कशीटचं मूल्यमापन लागतं आणि ते नॅसेस या संघटनेच्या सदस्य संस्थेकडूनच चालतं. विषयवार मूल्यमापनाला दोनशे डॉलरच्या आसपास गेले. त्याहून जास्त गेला तो बाबांचा घाम. विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट सीलबंद पाकिटात हवी आणि पाकिटाच्या जोडावर शिक्का हवा. बाबांना पाकीट मिळालं, शिक्का नव्हता. पुन्हा अर्ज, पुन्हा चलन, पुन्हा ‘साहेब जेवायला गेलेत’. बाबा फोनवर म्हणाले, ‘तू तिकडे शिकतेयस की मी?’ शेवटी अर्थशास्त्र, गणित आणि आणखी थोडे युनिट धरले गेले. इंग्रजी धरलं नाही. त्यासाठी वेगळी चाचणी मात्र नव्हती. २०१७च्या एका कायद्यानंतर इथल्या कम्युनिटी कॉलेजांनी त्या चाचण्या बंद केल्या आहेत, त्यामुळे थेट निबंधलेखनाच्या वर्गात बसता आलं.

नाव नोंदवताना नव्या विद्यार्थ्यांचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. पोषणाचा ऑनलाइन वर्ग भरलेला होता, वेटलिस्टवर नाव टाकलं. अशा वेळी वर्ग सुरू व्हायच्या आधीच प्राध्यापकांना छोटा, नीट ईमेल करावा आणि पहिल्या दिवशी हजर राहावं. पहिल्या आठवड्यात पुष्कळ जण गळतात. प्राध्यापकांनी अ‍ॅड कोड, म्हणजे भरलेल्या वर्गात नाव घालायचा कोड, पाठवला आणि मी आत गेले. फी ठरलेल्या तारखेपर्यंत भरली नाही तर काही कॉलेजं नाव आपोआप काढतात, म्हणून मी नोंदणीच्याच दिवशी भरत असे.

वर्गात माझ्या शेजारी अठरा वर्षांची मुलगी आणि पुढच्या बाकावर सत्तरीच्या आजी. चाळिशीला टेकलेल्या बाईकडे कुणी वळूनही बघत नाही, याचं इतकं हायसं वाटलं!

सगळ्यात जास्त रमले ते वस्त्रशास्त्रात. सुरुवातीलाच कापडांच्या तुकड्यांचं किट घ्यावं लागलं. ते झीरो कॉस्टमध्ये बसत नाही, साठेक डॉलर गेले. एका प्रयोगात धागा जाळून ओळखायचा होता. सिंकमध्ये पाण्याचं भांडं, वर टी-लाइट, हातात चिमटा. सुती धागा कागदासारखा भुरुभुरु जळतो, ज्योत विझली तरी टोक धुमसत राहतं आणि हलकी करडी राख पडते. लोकर आणि रेशीम जळलेल्या केसांसारखं वासतं. ज्योतीबाहेर काढलं की आपोआप विझतं आणि मागे राहिलेला काळा गोळा बोटांत चुरगळतो. पॉलिस्टर ज्योतीपासून आक्रसतं, वितळतं, काळा धूर सोडतं आणि थंड झाल्यावर टणक मणी होतो. घरचं एखादं कापड आणा, असं बाईंनी सांगितलं होतं. मी लग्नात आहेर आलेल्या एका ‘शुद्ध रेशमी’ साडीच्या आतल्या पदराचे धागे काढून नेले. चिमट्यात धरून ज्योतीजवळ नेले तर आत शिरायच्या आधीच वर गोळा झाले. मणी असा टणक की नखाने फुटेना. जरीचा धागा वेगळा धरला, तोही वितळला, कारण तीही प्लॅस्टिकच्या पट्टीवर चढवलेली चमक होती. बाईंनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, ‘पॉलिस्टर. पण वीण सुंदर आहे.’ साडी कुणी दिली होती ते मी घरी अजून सांगितलेलं नाही.

अन्नाच्या लॅबमध्ये थर्मामीटरशिवाय पान हलत नाही. ४१ ते १३५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ५ ते ५७ सेल्सिअस, हा जंतू वाढायचा पट्टा. शिजवलेलं अन्न दोन तासांत ७० फॅरनहाइटच्या खाली आणि पुढच्या चार तासांत ४१पर्यंत आलं पाहिजे. उदाहरण म्हणून बाईंनी नेमका भात घेतला. बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू भात शिजला तरी मरत नाहीत. भात रात्रभर बाहेर राहिला की ते वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं एक विष सकाळी परतून गरम केलं तरी जात नाही. मी हात वर करून फोडणीच्या भाताबद्दल विचारलं. उत्तर : करा की, फक्त रात्री भात पसरट भांड्यात काढून लवकर फ्रिजमध्ये जाऊ द्या. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं. ‘आमचं काय झालं इतकी वर्षं?’ असं अपेक्षित उत्तर आलं. मी म्हटलं, ‘काही नाही झालं आई, पण मला मार्क मिळाले.’

पोषणाच्या विषयात आपण खातो ते काही दिवस नोंदवून सॉफ्टवेअरमध्ये भरायचं असतं. थालीपीठ त्यात नसतंच. भाजणीतलं एकेक धान्य, डाळ, धने तोलून स्वतःची पाककृती बनवावी लागली. एका छोट्या चमच्यात मीठ भरलं की त्यात सुमारे २३०० मिलिग्रॅम सोडियम, आणि तीच दिवसाची इथली वरची मर्यादा. लोणचं आणि पापड वेगळे मोजल्यावर माझ्या रकान्यातला रंग लाल झाला. घरचं खाणं नोंदवणार असाल तर डिजिटल वजनकाटा आधी घ्या. वाटी आणि मूठ या मापांवर तो तक्ता तयार होत नाही.

बालविकासाच्या विषयासाठी कॅम्पसवरच्या बालवाडीत बसून निरीक्षण करायचं होतं आणि त्याआधी आरोग्याचे कागद. गोवर, डांग्या खोकला आणि फ्लू यांच्या लसींचे पुरावे मागितले. २०१६ पासून पाळणाघरांसाठी तसा राज्याचा कायदाच आहे. फ्लूची लस लेखी नाकारता येते. माझं लहानपणीचं लसीचं कार्ड नाशिकच्या वाड्यासोबतच गेलं होतं. अशा वेळी गोवराची प्रतिकारशक्ती रक्ततपासणीत दाखवता येते, किंवा सरळ लस पुन्हा घेता येते. क्षयाच्या तपासणीबद्दल मात्र आधीच सावध राहा. आपल्याला बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे हातावरची सुईची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग छातीचा एक्स-रे मागे लागतो. पहिल्यांदाच रक्ताची चाचणी मागा. हे मला शेजारच्या पंजाबी भाभींनी सांगितलं, कॉलेजच्या कुठल्याही पत्रकात नव्हतं.

निरीक्षण वाटलं होतं त्याहून अवघड निघालं. मी लिहिलं, ‘मुलगा चिडला आणि त्याने ठोकळे फेकले.’ बाईंनी ‘चिडला’ या शब्दाखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं : काय दिसलं? मग पुन्हा बसले. भुवया जवळ आल्या, ओठ मिटले, उजव्या हाताने निळा ठोकळा उचलून गालिच्यावर टाकला, दुसऱ्या मुलाकडे बघितलं, पुन्हा तोच ठोकळा उचलला. असं लिहून झाल्यावर तो चिडला होता की दुसऱ्याला खेळायला बोलावत होता, हेच मला सांगता येईना. तिथे मदतनिसाची पगारी जागा होती आणि बाईंनी मला विचारलंही. व्हिसामुळे नाही म्हणावं लागलं. त्या दिवशी गाडीत बसून थोडा वेळ नुसतीच बसून राहिले.

घरखर्चाचा विषय मला सोपा जाणार हे ठरलेलंच होतं आणि तसा गेलाही. क्रेडिट स्कोअर, कर्जाचा खरा वार्षिक दर, शेल्फवरच्या दरपट्टीतली युनिट प्राइस. त्यात एक आठवडाभर वेळेची नोंदवही ठेवायची होती, अर्ध्या अर्ध्या तासाची. ती मी पूर्ण भरून नवऱ्यापुढे ठेवली, काही न बोलता. भांडी तो आता घासतो.

अभ्यासाची वेळ माझ्यासाठी पहाटेची. कॅनव्हास या पोर्टलवर बहुतेक असाइनमेंटची मुदत रात्री ११:५९, त्यामुळे आदल्या दिवशीच टाकून मोकळी होत असे. युनिटमागे आठवड्याला तीन तास धरा, वर्गातला वेळ त्यातच आला. सहा ते नऊ युनिटांच्या वर लहान मूल सांभाळून मला झेपलं नसतं. उन्हाळी सेमिस्टर तेवढाच अभ्यास निम्म्याहून कमी आठवड्यांत उरकतं, त्यात एकच विषय घ्यावा.

पदवी आपोआप मिळत नाही, तिच्यासाठीही अर्ज करावा लागतो. शेवटच्या सेमिस्टरच्या सुरुवातीलाच ती तारीख असते आणि ती चुकली तर पदवी पुढच्या सत्रावर जाते. ऑक्टोबर २०२४ मध्येच काउन्सिलरकडून सगळे युनिट तपासून घेतले. धरलेल्या बी.कॉम.च्या युनिटांची नोंद एका ठिकाणी राहून गेली होती, ती तेव्हाच दुरुस्त झाली. मे महिन्यात झगा घालून चालले. त्या दिवशी मंचावर मिळतं ते रिकामं कव्हर असतं, खरं प्रमाणपत्र दोन-तीन महिन्यांनी पोस्टाने येतं. पत्ता बदलला असेल तर पोर्टलवर आधी तो बदला.

पुढे चार वर्षांची पदवी करायची असेल तर नॉर्थरिज आणि लाँग बीच इथल्या कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत हा विषय आहे. त्यांचे अर्ज आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून सुरू होतात. मी पोषणाकडे वळायचा विचार करतेय आणि त्यासाठी आधी रसायनशास्त्राचा एक विषय याच कॉलेजात घेतेय, त्याच ४६ डॉलर दराने. अर्ज करताना लक्षात ठेवा, कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजातून पहिल्या दोन ट्रान्सक्रिप्ट फुकट मिळतात. तातडीचा पर्याय निवडला तर मात्र वेगळे पैसे पडतात.